नसरीन मोहम्मदी : हाताने साथ सोडली, रेषा ढळली नाही

दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट या सरकारी ड्रॉइंग परीक्षांचे फॉर्म भरायची वेळ आली, की शाळेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मागे आठवीतल्या एका मुलीची अम्मी भेटायला आली. मुलीची गणिताची वही तिने माझ्यापुढे ठेवली आणि शेवटची पानं उघडून दाखवली. त्या पानांवर पट्टीने ओढलेल्या रेषाच रेषा होत्या. कुठे दाट, कुठे विरळ. "टीचर, ये लकीरें खींच के क्या मिलेगा? उससे अच्छा मॅथ्स की ट्यूशन लगाते हैं," असं तिचं म्हणणं.

प्रश्न रागाने विचारलेला नव्हता. घरची कमाई मोजकी असली की पालक प्रत्येक गोष्टीचा हिशोब करणारच. पण त्या दिवशी मला पटकन उत्तर देता आलं नाही. नंतर वाटलं, नुसत्या रेषा ओढून काय मिळतं हे सांगण्यासाठी आपल्याकडे एक अख्खं आयुष्य आहे. ते आयुष्य मुंबईत घडलं, बडोद्यात बहरलं आणि अलिबागजवळच्या किहीम गावात संपलं. त्या चित्रकार होत्या नसरीन मोहम्मदी. एम. एफ. हुसेन यांचं नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. नसरीन यांचं नाव मात्र सुशिक्षित घरांतही फारसं कुणी ऐकलेलं नसतं.

कराची, मुंबई, लंडन, पॅरिस

नसरीन यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला. आठ भावंडांपैकी त्यांचा नंबर सातवा. त्या अगदी लहान असतानाच आईचं छत्र हरपलं. १९४४ मध्ये, म्हणजे फाळणीच्या आधीच, हे कुटुंब मुंबईत आलं. वडिलांचा व्यापार बहरीनमध्ये होता. फोटोग्राफीच्या सामानाचं दुकान हा त्यातलाच एक भाग. कॅमेरा या मुलीच्या आयुष्यात लहानपणापासून होता. पुढे त्याने काय काम केलं ते नंतर सांगते.

घर सुखवस्तू होतं. शिवाय मुलीला शिकवायची घरच्यांची तयारी होती. १९५४ साली नसरीन लंडनच्या सेंट मार्टिन्स स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाल्या आणि १९५७ पर्यंत तिथे शिकल्या. त्यानंतर काही काळ बहरीनमध्ये कुटुंबासोबत राहिल्या. १९६१ ते १९६३ या काळात शिष्यवृत्तीवर पॅरिसमध्ये शिक्षण झालं. तिथे त्यांनी छापचित्रांच्या कार्यशाळेतही काम केलं. त्या काळात एक मुस्लिम मुलगी चित्रकला शिकायला एकटी परदेशी जाते, हे आजही आपल्यातल्या अनेकांना नवल वाटण्यासारखं आहे.

मुंबईतली शाळेबाहेरची शाळा

लंडन-पॅरिसमध्ये त्या शिकल्या खऱ्या, पण त्यांच्यावर मोठा परिणाम झाला तो मुंबईत. वॉर्डन रोडला समुद्राच्या काठी भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट नावाची जागा होती. तिथे चित्रकारांना कामासाठी खोल्या मिळत. त्याच आवारात इब्राहिम अल्काझी नाटक शिकवत आणि पंडित रविशंकर सतार शिकवत. एकाच छताखाली रंग, सूर आणि संवाद नांदत होते.

इथे नसरीन यांना हुसेन भेटले, तय्यब मेहता भेटले आणि वासुदेव गायतोंडे भेटले. गायतोंडे हे मूळचे गोव्याच्या घराण्यातले, जन्म नागपूरचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. ते फार बोलत नसत. त्यांच्या चित्रात माणूस, झाड, घर असं ओळखू येणारं काही नसे. रंगांचे शांत थर असत आणि त्या थरांतून येणारा उजेड असे. अशा चित्रांना अमूर्त चित्रं म्हणतात. नसरीन यांनी गायतोंडेंना गुरुस्थानी मानलं. साठच्या दशकातली त्यांची चित्रं पाहिली तर हा प्रभाव लगेच कळतो. शाई आणि रंगांच्या पुसट थरांतून कुठे फांदी, कुठे मुळं, कुठे किनारा असल्याचा भास होतो.

रंग गेले, रेषा राहिली

१९७० मध्ये त्या दिल्लीत राहायला गेल्या आणि १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात शिकवू लागल्या. ही नोकरी त्यांनी शेवटपर्यंत केली. म्हणजे त्या आपल्यासारख्याच, रोज वर्गात उभं राहणाऱ्या शिक्षिका होत्या.

सत्तरच्या दशकात त्यांच्या चित्रांतून एकेक गोष्ट कमी होत गेली. आधी फांद्या गेल्या. मग रंग गेले, कॅनव्हास गेला, ब्रश गेला. शेवटी उरला टेबलावर मावेल एवढा कागद, पेन्सिल, काळी शाई आणि आर्किटेक्ट लोक नकाशे काढायला वापरतात ती हत्यारं : ड्राफ्टिंग टेबल, पट्टी, गुण्या, बारीक टोकाचं पेन. आपल्या मुलांच्या कंपासपेटीचीच ही मोठी बहीण म्हणा ना!

सुरुवातीला त्या उभ्या-आडव्या रेषांच्या जाळ्या काढत. एका कागदावर शेकडो रेषा. पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे जाळी मोडली आणि तिरप्या रेषा आल्या. ऐंशीच्या दशकात कागद आणखी रिकामा झाला. पांढऱ्या जागेत तरंगणारे काही त्रिकोण, काही कमानी, काही वर्तुळाचे तुकडे, बस्स. बहुतेक चित्रांना त्यांनी नाव दिलं नाही आणि बहुतेकांवर तारीखही घातली नाही. पाहणाऱ्याला हाताशी धरून अर्थ सांगणारं काही ठेवलंच नाही. जे काय आहे ते डोळ्यांनीच पाहायचं.

सपाट कागद खोल कसा दिसतो?

इथे थोडं विज्ञान पाहू, कारण नसरीन यांच्या चित्रांची खरी गंमत तिथेच आहे.

त्यांच्या चित्रासमोर थोडा वेळ थांबलं की कागद सपाट राहत नाही. रेषांचा एखादा पट्टा मागे सरकतो, दुसरा पुढे येतो. कुठे पृष्ठभाग वळल्यासारखा वाटतो, कुठे रेषा सूक्ष्म थरथरते. कागदावर सावली नाही, रंग नाही, क्षितिज नाही. तरीही खोली दिसते. ही खोली कागदावर नसते. ती आपल्या डोळ्यात आणि मेंदूत तयार होते.

घरी करून पाहा. मुलांना सोबत घ्या. एक कोरा कागद, पट्टी आणि टोक काढलेली पेन्सिल लागेल. कागदाच्या खालच्या भागात एक आडवी रेषा काढा. तिच्या वर १० मिलिमीटरवर दुसरी, मग ९ मिलिमीटरवर तिसरी, मग ८ वर, असं करत शेवटचं अंतर १ मिलिमीटर ठेवा. एकूण ११ रेषा होतील आणि पूर्ण आकृतीची उंची ५५ मिलिमीटर भरेल. आता कागद हातभर लांब धरून बघा. खालचा भाग जवळ आणि वरचा भाग दूर गेल्यासारखा वाटेल, जणू फरशी समोर पसरत गेली आहे.

असं का होतं? रोजच्या जगण्यात आपण हेच पाहत आलो आहोत. रुळांखालचे स्लीपर जवळ असताना सुटे दिसतात आणि लांब गेले की एकमेकांना चिकटतात. नांगरलेल्या शेतातल्या सऱ्यांचं तेच, मशिदीत नमाजसाठी आखलेल्या सफांचं तेच. मेंदूने हा नियम पाठ करून ठेवला आहे : रेषा दाट होत चालल्या म्हणजे जागा दूर चालली. कागदावर तीच खूण दिसली की तो लगेच अंतर बनवून टाकतो.

आता दुसरी आकृती काढा. अंतरं तीच ठेवा, पण वर जाताना पेन्सिलीवरचा दाब कमी करत न्या. परिणाम वाढेल. धुक्यात लांबचा डोंगर फिका दिसतो, हाही मेंदूचा पाठ केलेला नियम. जाड काळी रेषा पुढे येते, फिकी रेषा मागे जाते. नसरीन यांनी रेषांमधलं अंतर, रेषेची जाडी आणि काळेपणा या तीन गोष्टींवर जवळजवळ सगळा संसार उभा केला.

थरथर का जाणवते, तेही पाहू. आपण एका जागी टक लावून पाहतो तेव्हाही डोळा पूर्ण स्थिर नसतो. तो न कळण्याइतका सतत हलत असतो. समोर एकच रंग असेल तर फरक पडत नाही. पण बारीक काळ्या-पांढऱ्या रेषा शेजारी शेजारी असतील, तर डोळ्याच्या या हालचालीमुळे रेषाच हलतायत असं वाटू लागतं. जाळीच्या ओढणीची दुहेरी घडी घालून ती उजेडासमोर हलवली की लाटा धावताना दिसतात. तिथे कारण थोडं वेगळं असतं, दोन जाळ्या एकमेकींवर पडून तिसरीच नक्षी तयार होते. पण गोष्ट तीच : कापडात लाट नसते आणि तरीही ती आपल्याला दिसते.

आणखी एक नमुना. काळे चौकोन ओळीने मांडून मध्ये पांढऱ्या पट्ट्या सोडल्या, तर पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे करडे ठिपके दिसतात. नेमक्या ठिपक्याकडे पाहिलं की तो गायब! जर्मन शास्त्रज्ञ लुडिमार हेरमान यांनी १८७० मध्ये हे नोंदवलं. त्याहून मजेची गोष्ट पुढे लक्षात आली. पट्ट्यांच्या कडा किंचित नागमोडी केल्या की ठिपके दिसेनासे होतात. म्हणजे रेषा सरळ असणं हा यातला महत्त्वाचा भाग आहे. रेषेत जरासा खोट आला तरी डोळ्याचा खेळ मोडू शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हजार वर्षांपूर्वीचा एक धडा

"डोळा पाहतो, पण समजतो मेंदू" हा विचार आपल्या वाचकांना अनोळखी वाटू नये. बसरा इथे सुमारे ९६५ साली जन्मलेले आणि पुढे काहिरा म्हणजे कैरो इथे काम केलेले इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाश आणि दृष्टीवरचा सात खंडांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसतं, असं तेव्हा अनेक विद्वान मानत. इब्न अल-हैसम यांनी ते खोडून काढलं आणि वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसतं, हे मांडलं. ग्रंथाचा पुढे लॅटिनमध्ये अनुवाद झाला आणि युरोपातल्या अभ्यासकांनी शतकानुशतकं तो वाचला.

त्यांचं दुसरं म्हणणं आपल्या विषयाच्या जास्त जवळचं आहे. डोळ्याला थेट मिळतो तो प्रकाश आणि रंग. अंतर, आकार, घडण या गोष्टी मन अनुभवाच्या आधाराने ठरवतं, आणि इतक्या झटक्यात ठरवतं की आपल्याला पत्ता लागत नाही. लांबच्या वस्तूचं अंतर कळायला मधली जमीन, मधल्या वस्तू सलग दिसाव्या लागतात, असंही त्यांनी लिहून ठेवलं.

आता नसरीन यांच्या शेवटच्या काळातल्या चित्रांकडे पुन्हा बघा. तिथे मधली जमीनच काढून घेतली आहे. पांढऱ्या कागदावर एक तिरपा आकार आहे, त्याला टेकायला काही नाही. मन अंतर ठरवू पाहतं, पण पुरावा अपुरा पडतो. म्हणून तो आकार हवेत तरंगत राहतो. ही रचना फार विचाराने केलेली आहे.

पश्चिमेतला ऑप आर्ट आणि आपल्या नसरीन

डोळ्याच्या या खेळावर उभी असलेली चित्रं साठच्या दशकात युरोप-अमेरिकेत फार गाजली. तिला ऑप आर्ट असं नाव पडलं. इंग्लंडच्या ब्रिजेट रायली यांनी १९६१ मध्ये काळ्या-पांढऱ्या चौकोनांची अशी रचना केली की सपाट चित्र मधोमध घडी पडल्यासारखं आत खेचलं जातं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने या प्रकारचं मोठं प्रदर्शन भरवलं. मग कपड्यांवर, जाहिरातींवर त्या नक्ष्या छापल्या जाऊ लागल्या.

नसरीन यांना या चळवळीत बसवणं मात्र योग्य होणार नाही. त्या काळातल्या रायलींच्या चित्रासमोर उभं राहिलं की डोळा थकतो, गरगरल्यासारखं होतं. ते मुद्दामच केलेलं असतं. नसरीन यांचं चित्र आवाज चढवत नाही. ते लांबून जवळजवळ कोरं दिसतं. जवळ गेल्यावर, श्वास संथ झाल्यावर हळूहळू उलगडतं. आजच्या मोबाइलच्या जमान्यात, जिथे दोन सेकंदांत बोट वर सरकतं, तिथे हे चित्र आपल्याकडे वेळ मागतं.

काही जण त्यांच्या रेषांना थेट इस्लामी भौमितिक नक्षीची परंपरा म्हणून टाकतात. यात घाई आहे. नसरीन यांना सूफी विचारात रस होता, तसाच झेन बौद्ध विचारातही होता. कांदिन्स्की, मालेविच, क्ले हे युरोपीय चित्रकारही त्यांच्या अभ्यासात होते. जाळीच्या नक्षीत एक आकार पुन्हा पुन्हा येतो, त्यांच्या चित्रात मात्र लय ठरल्या जागी मोडते. नातं आहे, नक्कल नाही, एवढंच म्हणता येईल.

काही घरांत आणखी एक शंका असते, तिच्याबद्दलही बोललं पाहिजे. सजीवांचं चित्र काढण्याबद्दल उलेमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत, तो त्यांचा विषय. पण रेषा, भूमिती, नक्षी, झाडं, इमारती यांच्या चित्रणाला सहसा कुणी हरकत घेत नाही. आपल्या मशिदी आणि मकबऱ्यांच्या भिंतीच त्याची साक्ष देतात. तेव्हा मुलीच्या हातातली पट्टी काढून घ्यायला तेही कारण पुरत नाही.

माग, सिक्री आणि किहीमचा किनारा

आता कॅमेऱ्याकडे येऊ. नसरीन आयुष्यभर फोटो काढत राहिल्या, पण हयातीत त्यांनी ते प्रदर्शनात मांडले नाहीत. ते त्यांच्या नजरेचा रियाज होते. फत्तेपूर सिक्रीच्या दगडी अंगणातल्या कडा, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, वाळवंट, समुद्राचं पाणी ओसरल्यावर वाळूवर राहिलेल्या खुणा, आणि मागावर ताणलेले धागे, हे त्यांचे विषय.

मागावरचे धागे! मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या वाचकांना यात काय नवीन? आपल्यातल्या किती घरांचं पोट त्या ताण्या-बाण्यावर चाललं. लूमजवळ उभं राहून तिरप्या नजरेने ताण्याकडे पाहिलं की शेकडो समांतर धागे दूर कुठेतरी एकत्र होतात आणि त्यावर उजेडाची लाट सरकते. आपण ते रोज पाहतो, पण धागा तुटला की नाही एवढंच बघतो. नसरीन यांनी तीच गोष्ट पाहिली आणि तिच्यातून चित्राचा विचार काढला. मुलांना हे सांगावंसं वाटतं की चित्र शोधायला पॅरिसला जावंच लागतं असं नाही. ते आपल्या कारखान्यात, आपल्या गल्लीत उभं असतं.

किहीमचंही तसंच. अलिबाग तालुक्यातलं हे किनाऱ्यावरचं गाव. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास इथेच सुगरण पक्ष्याच्या विणकामाचा प्रसिद्ध अभ्यास केला. एकाच गावाच्या किनाऱ्यावर एकाने पक्ष्याचं घरटं तासन् तास पाहिलं, दुसरीने वाळूवरच्या रेषा पाहिल्या. टक लावून, न कंटाळता पाहणं ही दोघांचीही खरी कमाई होती.

हाताने साथ सोडली

नसरीन यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड भाग आता येतो. त्यांना मज्जासंस्थेचा एक दुर्मिळ आजार होता. अशा आजारात माणसाचा स्वतःच्या हालचालींवरचा ताबा हळूहळू सुटत जातो. हात-पाय आपलं ऐकेनासे होतात. चित्रकारासाठी याहून मोठी परीक्षा कोणती?

आणि चित्रकारही कसा? जाड ब्रशने रंग फासणारा असता तर हाताची थरथर कदाचित रंगात लपून गेली असती. पण नसरीन यांचं सगळं काम सुईच्या टोकाएवढ्या रेषेवर उभं होतं. मघाशी पाहिलंच, रेषा ढळली की डोळ्याचा खेळ मोडतो. लपायला जागाच नव्हती.

तरी त्यांनी सोपा मार्ग धरला नाही. ऐंशीच्या दशकात आजार वाढत होता आणि त्याच वर्षांत त्यांची रेषा जास्त नेमकी, चित्र जास्त मोकळं होत गेलं. ड्राफ्टिंग टेबल, पट्टी, गुण्या यांचा आधार होता. पण पट्टी फक्त दिशा देते. पेन कुठे टेकवायचं, किती दाबायचं, कुठे उचलायचं, हे हातालाच करावं लागतं. शाईची रेषा खोडताही येत नाही.

बडोद्यात त्या साध्या, मोजकं सामान असलेल्या स्वच्छ घरात राहत. विद्यार्थ्यांना शिकवत, स्वतःचं काम करत. डायऱ्या लिहीत. त्या डायऱ्यांतही कित्येक ओळी काट मारून पट्ट्यांसारख्या झाल्या आहेत, पानंच चित्रासारखी दिसतात. १९९० साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, किहीम इथे त्यांचं निधन झालं. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

ओळख उशिरा झाली

हयातीत त्यांना चित्रकारांच्या वर्तुळात मान होता, पण बाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. मोठी ओळख नंतर झाली. २००७ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरातल्या डॉक्युमेंटा या जगप्रसिद्ध प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. २०१३ मध्ये दिल्लीच्या किरण नाडर म्युझियममध्ये त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याची मांडणी रुबिना करोडे यांनी केली. त्या बडोद्यात नसरीन यांच्याच विद्यार्थिनी होत्या. शिक्षकाला याहून मोठं बक्षीस काय असतं?

मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली. अशा वेळी म्युझियम कुणाला पुढे करतं, याकडे साऱ्या जगाचं लक्ष असतं. उद्घाटनाच्या दोन मोठ्या प्रदर्शनांपैकी एक फक्त नसरीन मोहम्मदी यांचं होतं. त्यात चित्रं, फोटो आणि डायऱ्या मिळून शंभराहून अधिक वस्तू मांडल्या होत्या. पेन्सिल आणि पट्टीने ओढलेल्या "लकीरें" पाहायला लोक रांगेने येत होते.

मग, काय मिळतं?

त्या अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. सगळ्या मुली नसरीन होणार नाहीत, आणि व्हायची गरजही नाही. पण ती ११ रेषांची आकृती आठवा. १०, ९, ८ असं कमी होत जाणारं अंतर म्हणजे दहावीच्या बीजगणितातली अंकगणित श्रेढी. समांतर रेषा, कोन, प्रमाण हे सगळं भूमितीचंच. गणिताची ट्यूशन आणि ड्रॉइंगची परीक्षा यांचं भांडण आपणच लावून दिलं आहे. मुलीच्या वहीत ते दोन्ही एकाच पानावर होते.

व्यवहाराचंही बोलू. इंटरमीडिएट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळतात. आर्किटेक्चर, इंटिरिअर, कापडावरचं डिझाइन, ॲनिमेशन, कला शिक्षक पदविका असे रस्ते पुढे आहेत. आपल्या मुलींचा हात मेहंदीत, भरतकामात, खुशखतीत किती सफाईदार चालतो, हे लग्नघरात सगळे पाहतात आणि कौतुक करतात. त्याच हाताला कागद-पेन्सिल मिळाली की मात्र ती वेळेची नासाडी ठरते. हा दुजाभाव का?

आणि गुण, नोकरी सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. एक सरळ रेषा मन लावून ओढायची असेल तर घाई चालत नाही, लक्ष विचलित होऊन चालत नाही आणि चूक झाली तर दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही. ही सवय ज्या मुलाला लागली ते मूल पुढे डॉक्टर होवो, दर्जी होवो की लूम चालवो, त्याचं काम नेटकंच होणार.

त्या मुलीचा फॉर्म शेवटी भरला गेला. ट्यूशनही लागली. घरी तुमच्या मुलाच्या किंवा मुलीच्या वहीची शेवटची पानं आज रात्री एकदा उघडून बघा. तिथे रेषा दिसल्या तर रागावण्याआधी कागद हातभर लांब धरा आणि जरा वेळ पाहा.